शिवण

दर मंगळवारी साडेतीनला ग्रासिएतबाई वाचनालयात येतात,
संगणकाच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसतात.
खिडकीत सादू नदी, पलीकडे गोदीच्या क्रेन.
"ते सगळं मला पाठ आहे," त्या म्हणतात,
"उजेड तेवढा नको."

त्यांच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग आहे.
ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं,
कडा उरतात.
माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडे बघतात
आणि तिथून मला पुरता ओळखतात.

सेतूबालच्या सार्डिन कारखान्यात सव्वीस वर्षं
त्यांनी डबे तपासले.
डोळ्यांत तेल घालून, असं आपण नुसतं म्हणतो.
त्यांच्या खरंच जायचं.
मिनिटाला चाळीस डबे. झाकणाची शिवण कुठे सुटलीय
ते आधी डोळ्याला कळायचं, मग नखाला.

पहिल्या दिवशी मी पडदा काळा केला, अक्षरं पिवळी.
"ही तर रात्रपाळी," म्हणाल्या, आणि खूश झाल्या.
बाण मोठा केला, इतका की त्यांनी विचारलं
हा मासा कुठला.
मग आवाज लावला.
आवाज निघाला ब्राझीलचा.
"ही बया मालिकेतली आहे.
विजेचं बिलसुद्धा प्रेमात पडल्यासारखी वाचते.
सदतीस युरो, अठ्ठेचाळीस सेंट... थांब, रडेल आता."
माझी आई केप व्हर्देची. आमच्या बोलण्यालाही इथे हसतात.
मी गप्प राहून सेटिंगमध्ये गेलो,
लिस्बनची बाई शोधून लावली.
दोन आठवड्यांनी त्यांनी ब्राझीलवालीला परत बोलावलं.
"लिस्बनची बँकेत बसल्यासारखी बोलते."

नोव्हेंबरात पिशवीतून एक पाकीट निघालं.
बेल्मिरूचं पत्र, त्र्याऐंशी सालचं, लक्झेंबर्गहून.
नवरा तिथे पुलाच्या कामावर होता.
मी ते स्कॅन केलं.
बया म्हणाली: चित्र.
पुन्हा म्हणाली: चित्र. वर्णन नाही.
"हिला काय झालं?"
हाताने लिहिलेलं तिला वाचता येत नाही, मी म्हणालो,
मी वाचू का?
"तू नको."

मग भिंग. दोनशे टक्के, चारशे, आठशे.
पडद्यावर एका वेळी एकच अक्षर मावायचं,
कधी तेही अर्धं: एखाद्या ओचं पोट,
टीची आडवी काठी.
मान तिरकी करून, डागाच्या कडेने,
त्या पत्र सरकवत राहिल्या
पट्ट्यावरून डबे सरकावेत तसं.
एकतीस ओळींना दोन मंगळवार लागले.

शेवटच्या ओळीत हात थांबला.
'मी ठीक आहे,' असं त्याने लिहिलं होतं.
वाक्य त्यांना पाठ होतं.
त्याआधीची खाडाखोडही आठवत होती;
तेव्हाच्या धडधाकट डोळ्यांनी त्या
ती शाईचा डाग समजून ओलांडून गेल्या होत्या.
आता ती पडदाभर पसरली,
आडव्या फराट्यांखाली एकेक उभी रेघ शाबूत.
काचेवर नख टेकवून त्यांनी एकेक अक्षर सोडवलं:
'भीती वाटते.'

"मी उत्तरात काय लिहिलं होतं, सांगू?
कोबी महाग झालाय."

खोलीतला प्रिंटर उगाच जागा झाला, परत निजला.

मग त्यांनी विचारलं,
ती वर्णन नाही म्हणते, ते लिहायचं कुठे?
मी चौकट उघडून दिली आणि खिडकीकडे वळलो.
एका बोटाने बराच वेळ टकटक चालली.
मी काही बघितलं नाही,
पण बयेने ते वाचूनच टाकलं, मोठ्याने,
प्रेमात पडल्यासारखं:
चित्र. बेल्मिरूचं पत्र. शेवटच्या ओळीत शिवण सुटली आहे.
डबा बाजूला काढला आहे. फेकू नये.